हृदयातली वीज आणि गृहीत धरलेला पुरुष



आमच्या सल्लाकेंद्राच्या नोंदवहीत दोन वर्षांपूर्वीची एक नोंद आहे. अक्षर माझंच. "वय ३१. नवऱ्याकडून मारहाण. वारंवार चक्कर येऊन पडते. कारण : मानसिक ताण. समुपदेशन चालू." ह्या वेळचं संपादकीय खरं तर पंचायत निवडणुकांवर लिहायचं ठरलं होतं. ते बाजूला ठेवून मी त्या नोंदीतल्या 'कारण' ह्या एका शब्दाबद्दल लिहिते आहे.

ती बाई चार घरी धुण्याभांड्याची कामं करते. नाव लिहीत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी तिला हे सुरू झालं. पहाटे गजर वाजला, हातातून पातेलं निसटून फरशीवर आदळलं, नवऱ्याने दार आपटलं, की डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती कोसळायची आणि मिनिटभरात आपोआप उठून बसायची. सासू म्हणाली, अंगात येतं. अंगारे-धुपारे झाले. मग फिट येते असं ठरलं आणि फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. एका रुग्णालयाच्या अपघात विभागात तिला दोनदा नेलं, दोन्ही वेळा पहिला प्रश्न तोच : नवऱ्याशी भांडण झालंय का? भांडण झालेलंच होतं. त्यामुळे पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. आम्हीही नाही. ती मार खाते, म्हणून ती पडते, हे आम्हाला इतकं पटलेलं होतं की तिच्या धाकट्या बहिणीचा एकोणिसाव्या वर्षी झोपेतच मृत्यू झाला होता, हे तिने सांगितलं तेव्हा मी ते 'माहेरचा आधार नाही' ह्या रकान्यात लिहिलं.

तिसऱ्या वेळी एका निवासी डॉक्टर मुलीने ईसीजी काढला आणि पट्टीने मोजला. फिट नव्हती, देवी नव्हती आणि 'मानसिक ताण'ही नव्हता. हृदयाच्या पेशींमधल्या विजेचा एक प्रवाह जन्मतःच दुबळा होता. त्यातच आठवडाभर तिला उलट्या होत होत्या, त्यावर जवळच्या दवाखान्यातून एक प्रतिजैविक आणि 'गॅसची' गोळी दिलेली होती आणि त्या दोन्ही औषधांनी तोच प्रवाह आणखी आवळला होता.

बारावीनंतर मी विज्ञान सोडलं आणि समाजकार्याकडे वळले. त्यामुळे पुढचं सगळं मला नव्याने शिकावं लागलं. ज्या डॉक्टर मैत्रिणींनी ते न कंटाळता समजावलं त्यांचे आभार. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

आपलं हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावतं आणि प्रत्येक वेळी त्याआधी विजेची एक लाट त्यातून फिरते. ही वीज तारेतल्यासारखी नाही. क्षारांचे विद्युतभारित कण पेशीच्या आवरणातल्या बारीक दरवाजांतून आत-बाहेर करतात, तीच ही वीज. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतली पेशी स्वस्थ असते तेव्हा तिच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असते. लाट आली की सोडियमचे दरवाजे उघडतात आणि डोळ्याचं पातं लवण्याच्याही कितीतरी आधी आतली बाजू धन होते. पाठोपाठ कॅल्शियम सावकाश आत येतं आणि त्यामुळे स्नायू आकसतो. मग पोटॅशियम बाहेर जाऊ लागतं आणि पेशी पुन्हा मूळ जागी येते. मज्जापेशीचं हे सगळं एक-दोन मिलिसेकंदांत उरकतं. हृदयाच्या पेशीला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. तेवढा वेळ पेशी दुसरी लाट स्वीकारत नाही, म्हणून हृदय हातापायाच्या स्नायूसारखं पेटक्यात अडकत नाही आणि दोन ठोक्यांच्या मध्ये त्याला रक्त भरून घेता येतं.

पडण्याचं सारं प्रकरण ह्या सावरण्याच्या काळात घडतं. पोटॅशियम बाहेर जाण्याचे दरवाजे एकाच जातीचे नाहीत. १९९० साली गिनीपिगच्या हृदयपेशींवर काम करताना सँग्विनेटी आणि जर्किविझ ह्या दोघांनी दाखवलं की जो एक प्रवाह समजला जात होता तो खरं तर दोन आहेत, एक चपळ आणि एक मंद. चपळ प्रवाहाचा दरवाजा बनवणारं जनुक १९९५ साली ओळखलं गेलं. त्याचं नाव हर्ग. नावाची कुळकथा गमतीची आहे. ईथर दिल्यावर पाय झाडत नाचणाऱ्या फळमाश्यांवरून मूळ जनुकाला एका नाचघराचं नाव मिळालं होतं, त्याचाच माणसातला हा भाऊबंद. ह्या दरवाजाची खोड अशी की त्याची आतली पोकळी ऐसपैस आहे. भलभलत्या औषधांचे रेणू तिथे जाऊन अडकतात : सर्दीची, पोटाची, बुरशीची, मलेरियाची, मनोविकारांची औषधं. एकमेकांशी काही संबंध नसलेली.

दरवाजा अडला की सावरायला उशीर होतो. उशीर फार झाला की कॅल्शियमचे दरवाजे अवेळी पुन्हा उघडतात, एक आगंतुक ठोका पडतो आणि त्यातून कधी कधी एक विचित्र गरगरती लय सुरू होते. ईसीजीवर तिची टोकं दोरीला पीळ पडावा तशी दिसतात, म्हणून फ्रेंच डॉक्टर देसेर्तेन ह्यांनी १९६६ साली तिला 'तोर्साद द प्वांत', म्हणजे टोकांचा पीळ, असं नाव दिलं. त्यांची ती रुग्ण ८० वर्षांची बाई होती. ही लय आपोआप थांबली तर माणूस चक्कर येऊन पडतो आणि उठतो. नाही थांबली तर उठत नाही.

एकच दरवाजा अडला म्हणून सहसा कुणी मरत नाही, कारण बाकीचे प्रवाह भार उचलतात. आपल्या बचतगटात एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या सांभाळून घेतात, तसंच हे. पण गटाची गंगाजळीच मुळात कमी असेल आणि त्यात दोघी-तिघींचे हप्ते एकदम चुकले तर? सावरण्याची ही गंगाजळी सरासरीने बायकांत पुरुषांपेक्षा कमी असते. मादी सशाच्या हृदयपेशींतही हा चपळ पोटॅशियम प्रवाह नर सशापेक्षा कमी भरतो, म्हणजे हे बायकांच्या स्वभावाचं, संस्काराचं किंवा सोशिकपणाचं प्रकरण नव्हे. रक्तातलं पोटॅशियम घटलं तर हा दरवाजा आणखी मंदावतो. उलट्या, जुलाब, लघवीच्या गोळ्या, दीर्घ कुपोषण ह्यांनी ते घटतं. पाळीच्या चक्राबरोबरही फरक पडतो. प्रोजेस्टेरोन जास्त असतं त्या दिवसांत औषधाने होणारा उशीर कमी असतो आणि पाळीच्या दिवसांत जास्त, असं २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

ही माहिती नवी आहे असं वाटत असेल तर १९२० साल बघा. त्या वर्षी बॅझेट ह्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने ईसीजीवरचा हा काळ, ज्याला क्यूटी म्हणतात, नाडीच्या वेगाप्रमाणे कसा बदलतो त्याचं सूत्र मांडलं. सूत्रातला स्थिरांक त्याने दोन वेगळे दिले : पुरुषांसाठी ०.३७ आणि बायकांसाठी ०.४०. म्हणजे बायकांचं हृदय सावरायला थोडा जास्त वेळ घेतं हे शंभर वर्षांपूर्वी छापून आलेलं होतं. ते सूत्र आजही जगभर वापरतात. त्यातली दुसरी संख्या मात्र औषधं तपासणाऱ्यांच्या डोक्यात शिरायला सत्तर वर्षं लागली.

इथे भाषेचा एक मुद्दा आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'स्त्रियांचा क्यूटी लांब असतो.' पण लहानपणी मुलगे आणि मुली दोघांचा क्यूटी सारखाच असतो. वयात येताना मुलींचा तसाच राहतो, मुलग्यांचा आखडतो, कारण टेस्टोस्टेरोनने तो कमी होतो. उतारवयात तो संप्रेरक घटत गेला की पुरुषांचा क्यूटी पुन्हा वाढू लागतो. म्हणजे बदलतो तो पुरुष. तरी 'लांब' आपला, कारण माप त्याचं. हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले, पण त्या मापाने माणसं मेली आहेत.

त्याची गोष्ट अशी. थॅलिडोमाइडने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्यानंतरच्या धास्तीतून १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सूचना काढली की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. अविवाहित असली, गर्भनिरोधक वापरत असली, नवऱ्याची नसबंदी झालेली असली तरी नाही. बाईचं गर्भाशय वाचवायचं होतं. तिचं हृदय कुणाच्या ध्यानात नव्हतं. औषधं पुरुषांवर तपासली गेली आणि विकली गेली सगळ्यांना. ही सूचना १९९३ साली मागे घेतली गेली.

त्याआधी १९९० साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ३९ वर्षांच्या एका बाईची हकीकत छापून आली होती. तिला सर्दीसाठी टर्फेनाडीन दिलेलं होतं. हे औषध तेव्हा लोकप्रिय होतं, कारण त्याने झोप येत नसे. आठवडाभराने अंगावरून जाऊ लागलं म्हणून तिने केटोकोनाझोल ही बुरशीची गोळी आपल्या मनाने सुरू केली. टर्फेनाडीन पोटात गेलं की यकृत त्याचं लगेच निरुपद्रवी रूपांतर करतं, केटोकोनाझोलने ते रूपांतर अडलं, मूळ औषध रक्तात साठलं आणि थेट हृदयाच्या त्या दरवाजात जाऊन बसलं. ती बेशुद्ध होऊन पडू लागली. सर्दी आणि पांढरं जाणं, यापेक्षा घरगुती तक्रारी कुठल्या? आपल्यापैकी कितीजणींनी ह्या दोन्हींवर एका दिवशी गोळ्या घेतल्या असतील!

१९९३ साली संशोधकांनी हृदयविकारावरच्या औषधांमुळे हा पीळ पडलेल्या, आधी छापून आलेल्या ३३२ रुग्णांची नोंद एकत्र केली. त्यात ७० टक्के बायका निघाल्या, जरी ती औषधं घेणाऱ्यांत बायका निम्म्याहून कमी होत्या. टर्फेनाडीन अमेरिकेच्या बाजारातून १९९८ साली गेलं. भारतात त्याच्यावर आणि त्याच्या भाऊबंदावर, अॅस्टेमिझोलवर, बंदी आली २००३ साली. पोटाचं औषध सिसाप्राइड तिथे २००० साली हटलं, आपल्याकडे २०११ साली. ती मधली वर्षं मोजा. २००१ साली अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीस कार्यालयाने अहवाल दिला की १९९७ पासून मागे घेतलेल्या १० औषधांपैकी ८ औषधांचा धोका बायकांना जास्त होता. ही तिन्ही त्या आठांत होती.

आता आपल्या आतल्या वादाकडे येते, कारण ह्या लेखाचा मसुदा वाचून मंडळातल्या दोघींनी हरकत घेतली आणि ती हरकत खरी आहे.

पहिली म्हणाली, आपण इतकी वर्षं सांगतोय की बाईचं शरीर कमकुवत नाही. आता आपणच लिहायचं की तिचं हृदय सावरायला वेळ लावतं? उद्या कुणी म्हणेल, म्हणून तिला रात्रपाळी नको, वैमानिकाची नोकरी नको. माझं उत्तर असं : ब्रुगाडा नावाचा एक विकार आहे. त्यातही हृदयपेशींतले विद्युतप्रवाहच बिघडलेले असतात आणि झोपेत मृत्यू येतो. तो पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, कारण पोटॅशियमचा दुसरा एक प्रवाह त्यांच्यात जोरदार असतो. त्यावरून पुरुष रात्रपाळीला नालायक असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही. फरक कमीपणाचा ठरतो तो पेशीत ठरत नाही. पण त्या भीतीने फरकच नाकारला तर औषधाची मात्रा ठरवताना पुन्हा पुरुषच गृहीत धरला जाणार.

दुसरीची हरकत जास्त अवघड. ती म्हणाली, चाचण्यांत बायका घ्या असं आपण म्हणायचं? नेट-एनच्या इंजेक्शनविरुद्ध स्त्री संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या बायकांना काय टोचतोय हे न सांगता चाचण्या चालल्या म्हणूनच ना? २०१० साली खम्मम आणि बडोदा जिल्ह्यांत आदिवासी आणि गरीब मुलींवरचा एचपीव्ही लसीचा प्रकल्प थांबवावा लागला, तिथे तर संमतीच्या अर्जांवर वसतिगृहप्रमुखांच्या सह्या होत्या. आपल्या देशात 'चाचण्यांत बायका' ह्याचा अर्थ 'गरीब बायका' असाच होतो. ह्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढं मात्र दिसतं की एकीकडे बाईला तिच्या नकळत तपासणीत ओढतात आणि दुसरीकडे तिच्या भल्याचं नाव सांगून तिला वगळतात. दोन्हीकडे तिला विचारलेलं नसतं. शिवाय चाचणीतून वगळलेली बाई प्रत्यक्षात चाचणीतच असते, फक्त ती बाजारात चालते, नोंद कुणी ठेवत नाही आणि भरपाई कुणी देत नाही. बरीच पहिली तपासणी तर माणसावर करावीही लागत नाही. पेशीवर काचेची सूक्ष्म नळी टेकवून एकेका दरवाजाचा प्रवाह मोजायची युक्ती नेहर आणि झाकमान ह्यांनी १९७६ साली काढली, त्यांना १९९१ साली नोबेल मिळालं. पण प्रयोगशाळेतला प्राणीसुद्धा बहुतेक नरच निवडला जायचा, मादीच्या चक्राने आकडे हलतात म्हणून! अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने प्राण्यांवरच्या प्रयोगांतही नर-मादी दोन्हींचा विचार करायला सांगितलं ते २०१६ पासून.

आपल्या दाराशी काय चाललंय ते बघू. डोम्पेरिडोन ही उलटीची आणि 'गॅसची' गोळी आम्लपित्ताच्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये आपल्याकडे सर्रास मिळते. अंगावरचं दूध वाढावं म्हणून ती बाळंतिणींनाही देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दुधासाठी ती घेऊ नका असं २००४ साली बजावलं. युरोपने २०१४ साली ती फक्त उलटी-मळमळीसाठी, कमी मात्रेत आणि थोडे दिवस द्यावी असं ठरवलं. पांढरं जाण्यासाठी फ्लुकोनाझोल आणि अॅझिथ्रोमायसिन एकाच पाकिटात मिळतात. दोन्ही सावरण्याचा काळ वाढवू शकणारी. बहुतेकींना त्याने काही होणार नाही, हे मी ठळकपणे लिहिते, घाबरवून सोडण्याचा हेतू नाही. पण चिठ्ठी लिहिणारा 'कधी चक्कर येऊन पडलीस का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का' हे विचारत नाही. आणि औषधाच्या दुकानात तर कुणीच विचारत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या सुरुवातीला आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंध म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यायचा सल्ला दिला गेला. हेही त्याच जातीचं औषध. परिचारिका आणि आशाताई बायकाच. ईसीजी काढून क्यूटी बघता येईल असं मे महिन्यातल्या सुधारित सूचनेत आलं. ज्या उपकेंद्रात रक्तदाब मोजायचं यंत्र बंद पडलेलं असतं तिथल्या आशाताईने ईसीजी कुठे काढावा हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

उलट बाजूही सांगते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन आणि क्लोफाझिमिन देतात, तीही क्यूटी वाढवतात आणि तीच जीव वाचवतात. त्या उपचारात ठरलेल्या वेळी ईसीजी काढणं हा नियमच आहे. क्षयाच्या बाईंनी हे वाचून गोळ्या सोडू नयेत. आपला ईसीजी निघतोय ना, आकडा लिहिलाय ना, एवढं मागून घ्यावं. साधारणपणे पुरुषांत ४५० आणि बायकांत ४६० मिलिसेकंदांपुढे क्यूटी लांबलेला धरतात. ५०० च्या पुढे गेला तर डॉक्टरांनी लगेच लक्ष घालायला हवं.

जन्मतः हा विकार असलेल्यांच्या कहाण्या जुन्या आहेत. १८५६ साली लाइपझिगच्या मूकबधिरांच्या शाळेत एका मुलीला सगळ्यांदेखत रागावलं जात असताना ती कोसळून मेली. आईबापांना नवल वाटलं नाही, कारण तिची दोन भावंडंही अशीच गेली होती. १९५७ साली नॉर्वेत जन्मतः बहिऱ्या भावंडांचं असंच कुटुंब सापडलं तेव्हा कुठे ईसीजीवर कारण दिसलं, कारण मंद पोटॅशियम प्रवाह कानाच्या आतही लागतो. हर्ग जनुकातल्या दोषात ऐकू व्यवस्थित येतं, मात्र अचानक आवाजाने झटका येऊ शकतो. गजर, फोन, घंटा. आणि बाळंतपणानंतरचे नऊ महिने सर्वांत धोक्याचे. आमच्या बाईच्या बाबतीत ही दोन्ही वाक्यं मी पुस्तकात वाचली तेव्हा नोंदवही उघडून पुन्हा पाहिली. तिने दोन्ही सांगितलेलं होतं. तारखेसकट.

तिची मारहाणीची तक्रारही खरीच होती. त्याची केस चालू आहे. एक दुःख खरं असलं की दुसरं शोधायचं नाही, हे मी कुठल्या वर्गात शिकले कोण जाणे. आता आमच्या फॉर्ममध्ये चक्कर येणाऱ्या प्रत्येकीसाठी तीन प्रश्न वाढवले आहेत : पडण्याआधी काय घडलं, घरात कुणी अचानक गेलं का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि ईसीजीला बरोबर कुणीतरी जायचं.

तिला बीटा ब्लॉकर गोळ्या सुरू झाल्या, फिटच्या बंद. टाळायच्या औषधांची यादी तिने पिठाच्या डब्यावर चिकटवली आहे. हा दोष आईबापांकडून मुलांत निम्म्या शक्यतेने उतरतो, म्हणून दोन्ही मुलांचे ईसीजी काढले. मुलाचा ठीक आहे. सातवीतल्या मुलीचा ४८० निघाला. तिलाही गोळी सुरू झाली आहे. शाळेत तिचा बाक दाराशेजारी, बाहेर भिंतीवर लोखंडी घंटा. बाक बदलून मिळावा आणि घंटेआधी तिला खूण करावी, असं पत्र मुख्याध्यापिकांना आम्ही गेल्या सोमवारी नेऊन दिलं.